दाजींचा बेस

माझ्या गाडीला बेस नव्हता. हे सहा महिने दोनच माणसांना माहीत होतं, मला आणि माझ्या बायकोला. बायकोनं ते पहिल्याच दिवशी बोलून दाखवलं. मी बोललो नाही, कारण गाडीतली ती सिस्टीम माझ्या दाजींनी बसवली होती आणि दाजींच्या कामात खोट काढायची आमच्यात रीत नाही.

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. वर पुण्याकडं त्याला काय मान असेल तो असो, आमच्याकडं खानापूरच्या बाजूला दाजी घरात आले की पंखा त्यांच्याकडं वळतो, टीव्हीचा रिमोट त्यांच्या हातात जातो आणि मटणातली नळी त्यांच्या ताटात पडते. जाताना टॉवेल-टोपी ठरलेली. दाजी काही बोलले की आपण ‘व्हय’ म्हणायचं. ‘व्हय, पण’ म्हटलं तरी आई स्वयंपाकघरातून बघायची. एकदा भर पंगतीत दाजींनी सांगितलं, की वीज तांब्याच्या तारेतून जाते ती तांबं थंड असतं म्हणून. मी बेळगावात पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, पोरांना फिजिक्स शिकवतो. मी मान डोलावली आणि आणखी भात मागितला.

दाजी निपाणीचे. माणूस वाईट नाही, व्यसन नाही, बोलणं गोड. फक्त धंदा त्यांना सोसत नाही. पाण्याचे कॅन, अळिंबी, एलईडी बल्बची जोडणी आणि शेवग्याच्या पानांची पावडर असे चार धंदे त्यांनी केले. चारही मी वाखाणले. अळिंबी खाल्ली, पावडर तर आठ महिने रोज सकाळी गरम पाण्यातून घेतली. चौथा धंदा बसल्यावर दाजींच्या थोरल्या भावानं सगळ्यांसमोर सांगितलं, आता एकच संधी. हाही चालला नाही तर निपाणीतलं भाड्याचं घर सोडायचं आणि गावाकडं एकत्रात येऊन राहायचं.

त्या एकत्रातल्या घरात माझ्या आक्कानं लग्नानंतरची बारा वर्षं काढली होती, थोरल्या जावेच्या हाताखाली. कोणती भाजी करायची, हे बारा वर्षांत तिला एकदाही कुणी विचारलं नव्हतं. तिथून निघाली तेव्हा तिनं स्वतःचं म्हणून शिलाई मशीन तेवढं बरोबर घेतलं, आणि निपाणीत ब्लाउज शिवून अर्धं घर चालवलं. आक्काला परत त्या घरात जायचं नव्हतं. ती तसं कधी बोलली नाही, पण गावाकडचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायची. म्हणून हा पाचवा धंदा चालणं भाग होतं.

पाचवा धंदा म्हणजे गाडीतल्या म्युझिक सिस्टीमचं दुकान. तंबाखूच्या जुन्या वखारीतला एक गाळा भाड्यानं मिळाला. वखारीतून तंबाखू जाऊन बरीच वर्षं झाली होती, वास मात्र राहिला होता. गिऱ्हाईक आत आलं की आधी दोन शिंका द्यायचं आणि मग बोलायचं. बोर्डावर नियमाप्रमाणे वर मोठं कन्नड, खाली बारीक मराठी आणि मध्ये दोघांनाही कळावं म्हणून एका मोठ्या स्पीकरचं चित्र.

दाजींनी धंदा मात्र या वेळी बरोबर निवडला होता, हे मला आजही वाटतं. निपाणी-चिकोडी पट्ट्यात कुणाची गाडी कोणती, यापेक्षा ती किती धमकते याला मान आहे. नुसत्या आवाजाला नाही, बेसला. ढोलाचा, डग्ग्याचा तो खालचा घुमणारा आवाज, ज्यानं शेजारच्या टपरीवरच्या बरण्या हलतात. आमच्या भागात त्याचा आणखी एक उपयोग आहे. काचा वर करून गाणं लावलं की बाहेर शब्द येत नाहीत, फक्त धुम-धुम येते. आत मराठी वाजतंय की कन्नड, हे चौकात उभ्या असलेल्या कुणालाच कळत नाही, आणि ज्याला जे आपलं वाटायचं ते वाटतं. सीमाप्रश्नावर एवढा सोपा तोडगा अजून कुणी काढलेला नाही.

भाऊबीजेला आम्ही निपाणीला गेलो. ओवाळून झालं, जेवणं झाली, आणि दाजी म्हणाले, “पाव्हणं, गाडीची किल्ली द्या. कंपनीचं स्पीकर म्हणजे काय स्पीकर हायत व्हय ते?” मी किल्ली दिली आणि आडवा झालो. दाजी किल्ली घेऊन गेले. आक्काही थोड्या वेळानं दिसेनाशी झाली. शेजारीपाजारी फराळाची ताटं द्यायला गेली असेल, असं मला वाटलं. चार वाजता गाडी दारात आली. पुढच्या दोन्ही दारांत नवीन स्पीकर होते.

दाजींनी गाणं लावलं. आवाज स्वच्छ होता, बासरी छान ऐकू येत होती, गाणारी बाई जवळ येऊन बसल्यासारखी वाटत होती. फक्त ढोल, कुणी गोधडीत गुंडाळून पलीकडच्या गल्लीत वाजवावा तसा. मला वाटलं, अजून तापला नसेल.

“कसं वाटतंय?” दाजी म्हणाले.

“एक नंबर,” मी म्हणालो.

निघताना आक्का खिडकीशी आली. तिनं खिडकीच्या काचेवर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, “खरं सांग, कसं वाजतंय?”

मी तिच्या डोक्यावरून पलीकडं उभ्या असलेल्या दाजींकडं बघून मोठ्यानं म्हणालो, “दाजींच्या कामाचं काय इचारतीस, आक्का? बेस तर असला हाय, बेळगावात कुणाच्या गाडीला नसंल.”

आक्का हसली. मला आठवतंय, ती जरा जास्तच हसली. त्या वेळी मला वाटलं, नवऱ्याचं कौतुक ऐकून हसतेय.

तवंदी घाट चढताना बायको म्हणाली, “कंपनीचं होतं तेच बरं होतं.” माझी बायको बेळगावच्या शहापूरची. तिच्याकडं जावयाला मान देतात, पण त्याच्यासमोर खरं बोलायची बंदी नाही. मी तिला समजावलं, की स्पीकर नवीन आहेत, रुळायला वेळ लागतो. ती म्हणाली, “स्पीकर आहे की सून?” हत्तरगीच्या टोलपर्यंत मी गाणं बंद ठेवलं.

महिना गेला. बेस रुळला नाही. उलट गाडीत कुणाला घेतलं की पहिला प्रश्न यायचा, “सर, बेस कमी ठेवलाय काय?” मी म्हणायचो, डोकं दुखतंय. असं किती दिवस डोकं दुखणार? शेवटी संक्रांतीला मी दाजींना, अगदी जपून, म्हणालो, “दाजी, बेस झकासच हाय. पण आनखी वाढवता येतो काय?” यात खोट काढणं नव्हतं. भूक वाढणं होतं.

दाजी खूश झाले. डिकीत एक लाकडी डबा आला, त्यात दोन मोठे थाळ्याएवढे स्पीकर, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या. शेजारी अॅम्प्लिफायर. डिकीत आता स्टेपनी सोडून काही मावत नव्हतं. गावाकडून येणारी तांदळाची पिशवी बायकोच्या मांडीवर बसायला लागली. आणि बेस? होता तसाच. गोधडीतला ढोल जरा मोठा झाला, पण गोधडीही दुप्पट झाली. आक्कानं त्याही दिवशी खिडकीशी येऊन विचारलं, “आता? आता खरं सांग.” आणि मी पुन्हा तिच्या डोक्यावरून दाजींना सांगितलं, “छाती हादरली, दाजी.”

पाडव्याला दारांच्या आत काळी जाड पट्टी चिकटवली गेली, पत्रा थरथरू नये म्हणून. पत्रा थरथरायला आधी काहीतरी घुमायला लागतं, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो दाबला. दार मात्र एवढं जड झालं की आमच्या शेजारच्या आजोबांना ते आतून उघडेना. त्यांना दवाखान्यात सोडायला नेलं होतं, तर ते बिचारे आत बसून राहिले आणि मी बाहेर त्यांची वाट बघत उभा.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण एक दिवस तिसऱ्या तासाला फोन आला. सदलग्याचा एक बेदाण्याचा व्यापारी होता. जैन माणूस, बोलणं नम्र, पण आवाजात त्रास. त्यानं दाजींकडून सिस्टीम बसवून घेतली होती.

“नमस्कार सर. दुकानातल्या अण्णांनी तुमचा नंबर दिला. म्हणाले, आमचे मेव्हणे फिजिक्सचे प्राध्यापक आहेत, त्यांच्याही गाडीत हीच सिस्टीम आहे, त्यांना विचारा. सर, मला बेस ऐकूच येईना झालाय. माझ्याच कानाचं काही आहे का?”

आता बघा, या वेळी मी खरं बोललो असतो तर काय झालं असतं? हा माणूस दुकानात गेला असता, दाजींचा चारचौघांत अपमान झाला असता, दुकानाचं नाव गेलं असतं, आणि आक्काला पेटी आणि मशीन घेऊन गावाकडं जावं लागलं असतं. हे सगळं मला कॉलेजच्या व्हरांड्यात उभ्याउभ्या दिसलं. आणि मग माझ्या तोंडून जे वाक्य निघालं, त्याची मला आजही लाज वाटते.

“त्याचं असं आहे,” मी म्हणालो, “हलका बेस ऐकू येतो. खरा बेस ऐकू येत नाही, जाणवतो.”

तो म्हणाला, “असं व्हय. बरोबर आहे सर. तसा जाणवतोय खरा.”

वीस वर्षं शिकवतोय, पण माझं म्हणणं इतक्या लवकर कुणाला पटल्याचं आठवत नाही. आठवड्यानं निपाणीला गेलो तर दुकानाच्या काचेवर लाल अक्षरांत रंगवलं होतं: ‘खरा बेस जाणवतो.’ त्याच्या वर तेच कन्नडमध्ये, मोठ्या अक्षरांत. दाजी म्हणाले, “पाव्हणं, लोक फोटो काढून न्यायल्यात.” त्यानंतर महिन्यात मला आणखी चार फोन आले. चौघांनाही मी बेस जाणवून दिला. एकाला तर सांगितलं, की डोळे मिटून पाठ सीटला टेकवा आणि श्वास हळू सोडा.

गिऱ्हाईक मात्र कमी होत होतं. दाजी म्हणायचे, परीक्षेचे दिवस आहेत. मग म्हणाले, उन्हाळा आहे. कागलकडचे लोक आता कोल्हापूरलाच जातात, असं ते एकदा सहज बोलून गेले. आक्का त्या वेळी आत भिंतीकडं तोंड करून चहा गाळत होती. तिनं गाळणी तशीच धरून ठेवली होती आणि चहा केव्हाच खाली पडून झाला होता. ते बघून मला भीती वाटली. त्या दिवशी मी बेसचं दुप्पट कौतुक केलं.

मेच्या सुट्टीत एका संध्याकाळी आम्ही खडेबाजारात अडकलो. पुढं रिक्षा, मागं टेम्पो, बायकोचा तिच्या आईशी फोन चाललेला. गाणं सुरू होतं. “एवढं कानात घालू नकोस माझ्या,” म्हणत तिनं हात पुढं केला आणि सिस्टीमवरचं एक बटण फिरवून तिच्या बाजूचा, म्हणजे डावीकडचा, सगळा आवाज बंद करून टाकला.

आणि धुम्म झालं.

आरसा थरथरला. डॅशबोर्डवरच्या गणपतीनं जागा सोडली. साडीच्या दुकानातला माणूस गठ्ठा हातात घेऊन बाहेर बघायला आला. निम्मे स्पीकर बंद केल्यावर सहा महिन्यांचा हरवलेला ढोल गाडीत येऊन बसला होता. बायको फोनवर म्हणाली, “आई, थांब गं, यांच्या गाडीत काहीतरी फुटलं.”

मी बटण मधोमध आणलं. ढोल गेला. पूर्ण डावीकडं फिरवलं. आला. उजवीकडं, आला. मध्ये, गेला. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता आणि मी बटण फिरवत बसलो होतो. कारण मला कळलं होतं, आणि कळल्यावर स्टिअरिंगवर डोकं आपटावंसं वाटलं. एका बाजूच्या स्पीकरांची वायर उलटी होती. प्लस मायनसला, मायनस प्लसला. डावा पडदा पुढं येताना उजवा मागं जातो, एक हवा ढकलतो, दुसरा तीच ओढून घेतो, आणि खालचा आवाज दोघांच्या मध्ये मरतो. हे मी दर वर्षी अकरावीला फळ्यावर काढतो. एक लाट वर, एक लाट खाली, बेरीज शून्य. पोरं झोपतात म्हणून त्यांच्यावर ओरडतोही. आणि सहा महिने त्या शून्यात बसून मी बेळगाव-निपाणी करत होतो.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. दाजींना सांगायचं कसं, हे ठरवायला मला बारा दिवस लागले. मी वाक्यं जुळवली. ‘दाजी, कंपनीनंच वायरीचे रंग चुकवलेत.’ ‘दाजी, नवीन शोध लागलाय.’ कुठलंच वाक्य जिभेवर बसेना. शेवटी असं ठरवलं, की दाजी दुपारी जेवून तासभर झोपतात, त्या वेळी जायचं, आक्काला काहीतरी सांगून दुकानात शिरायचं, आपल्या हातानं वायर बदलायची आणि दाजी उठल्यावर म्हणायचं, तुमचा बेस आज रुळला.

दोन वाजता पोचलो. शटर अर्धं खाली होतं. आत एक पांढरी गाडी, तिचं दार उघडं, दाराची आतली फळी काढून भिंतीला लावलेली. दाराखाली पोत्याच्या बसकुरावर कुणीतरी बसलेलं. साडीचा पदर कमरेला खोचलेला, तोंडात टेस्टर.

आक्का होती.

तिनं टेस्टर तोंडातून काढला. “आलास व्हय? बस. एवढी एक बाजू झाली की च्या ठेवते.”

“दाजी?”

“झोपल्यात.”

“तू काय करतीस हितं?”

“दिसत न्हाय व्हय? वायर जोडतीय. कारागीर कोल्हापूरला गेला दसऱ्यात. मग कोन जोडनार?”

मी वाकून बघितलं. डाव्या दारात अंगावर रेघ असलेली वायर प्लसला होती. उजव्या दारात तीच वायर तिनं माझ्या डोळ्यांदेखत मायनसला पिळली आणि टेप गुंडाळली. काम इतकं नीट होतं, की एक तार बाहेर दिसत नव्हती. माझ्या तोंडून निघून गेलं, “आक्का, हे उलटं हाय.”

“उलटंच पायजे,” ती म्हणाली. “ही डावी बाजू, ती उजवी. ब्लाउजच्या बाह्या एकसारख्या कापल्या तर दोन्ही एकाच हाताच्या हुतात. एक उलटी कापाय लागती. तुला काय ठावं?” आणि तिनं दोन्ही तळवे समोरासमोर धरून मला दाखवलं, डावा असा, उजवा असा.

मी तिथल्या बॅटरीच्या खोक्यावर बसलो. हसू येत होतं आणि हसवत नव्हतं. मी तिला समजावून सांगितलं. दोन्ही पडदे एकाच वेळी पुढं यायला पाहिजेत, दोन माणसं गाडी ढकलताना एकाच बाजूनं ढकलतात तसं. तिला एकदाच सांगावं लागलं. माझ्या अकरावीच्या वर्गात असं कधी झालेलं नाही.

मग तिनं एक वही पुढं ओढली. शिलाईच्या मापांची तिची वही होती, छाती-कंबर-बाही लिहिलेली, तिच्या मागच्या पानांवर तिनं गाड्यांचे नंबर आणि गिऱ्हाइकांचे फोन लिहून ठेवले होते. तिनं पानावरून बोट फिरवलं.

“अकरा गाड्या,” ती म्हणाली. “पयली तुझी. भाऊबीजेला.”

“माझी तू केलीस?”

“मग कुनी? ह्यांनी फकस्त गानं लावलं.”

“आक्का, मला वाटलं दाजींनी...”

“दर येळी खिडकीपाशी येऊन इचारलं तुला. भाऊबीजेला इचारलं, संक्रातीला इचारलं. खरं सांग म्हणलं. तू शिकलेला, तू त्यातला जाणकार. तू बरं हाय म्हणालास म्हणून पुढच्या धा गाड्या तशाच जोडल्या. सदलग्याचं पाव्हणं आलं, बेस न्हाय म्हणाय लागलं, तर मी म्हणलं, माझ्या भावाच्या गाडीत बी असंच हाय, त्याला तर लई आवडलंय. मला वाटलं, ह्यांच्या कानातच खोट हाय.”

आवाज तिचा चढला नव्हता. त्यानं जास्त वाईट वाटलं.

“मी दाजींचा मान राखत होतो,” मी म्हणालो. “दुकान बसलं असतं तर तुलाच गावाकडं जावं लागलं असतं.”

“आनि आता? अकरा गाड्या बिनबेसाच्या फिराय लागल्यात गावातनं. दुकान कशानं बसाय लागलंय मग?”

मी विचारलं, “पण तू सांगितलं का न्हाईस, हे मी करतीय म्हणून? मला कळलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.”

आक्कानं माझ्याकडं बघितलं. लहानपणी मी तिच्या वहीचं पान फाडून होडी केली होती, तेव्हा बघितलं होतं तसं.

“सांगितलं असतंस,” ती म्हणाली. “ह्यांचं हाय म्हणून गप्प बसलास, माझं हाय म्हणल्यावर लगेच सांगितलं असतंस. हसला असतास. आनि ‘सोड ते आक्का, ते बायकांचं काम न्हवं’ असं बी म्हणाला असतास. मग मी सोडलं बी असतं. म्हणून न्हाय सांगितलं.”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण अगदी तेच वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत, मी म्हणालो असतो. मला ते माझ्या आवाजात ऐकूसुद्धा आलं. दाजींच्या अळिंबीपासून पावडरीपर्यंत सगळ्याला मी मान डोलावली होती, आणि माझ्या बहिणीनं आयुष्यात पहिल्यांदा एक वायर जोडली होती, तिला मात्र मी पाच मिनिटांत घरी बसवलं असतं. मला माझीच किळस आली.

तिनं पांढऱ्या गाडीची वायर सोडून सरळ केली. मग माझी गाडी आत घ्यायला लावली, दार उघडलं, डबा उघडला. मी मदतीला पुढं झालो तर म्हणाली, “बस तिथंच.” अर्ध्या तासात झालं. गाणं लावल्यावर वखारीचा पत्रा वाजायला लागला आणि कोपऱ्यातल्या तिच्या शिलाई मशीनवरची कात्री घसरून खाली पडली. आक्कानं ती उचलून ठेवली. हसली नाही. गाणं बंद केलं आणि वही माझ्या मांडीवर ठेवली.

“लाव फोन. पयला सदलग्याचा. तूच त्याला जाणवतोय म्हणून सांगितलंयस.”

मी फोन लावला. ती समोर उभी होती म्हणून स्पीकरवर टाकावा लागला. मी सांगितलं, की मी मागं जे बोललो ते खोटं होतं, तुमच्या कानाला काही झालेलं नाही, एक वायर उलटी आहे, गाडी घेऊन या, अर्ध्या तासाचं काम आहे.

व्यापारी म्हणाला, “सर, तुम्हीच तर म्हणाला होता म्हणे, श्वास हळू सोडा म्हणून.”

“ते दुसऱ्याला सांगितलं होतं,” मी म्हणालो. “पण चूक माझीच.”

“बरं. मग अण्णा कधी भेटतील? त्यांच्याच हातनं करून घेतो. जोडणी त्यांचीच ना?”

आणि इथं, इतकं सगळं होऊन, इतकं ऐकून घेऊन, समोर बहीण उभी असताना, माझ्या तोंडात शब्द आला तो ‘व्हय’ होता. सवयच तशी. तो निम्मा बाहेर पडलासुद्धा.

आक्कानं फोन माझ्या हातातून काढून घेतला.

“जोडणी माझी हाय,” ती म्हणाली. “मी त्यांची मालकीण बोलतीय. चुकलं बी माझंच आनि दुरुस्त बी मीच करनार. या, पण दुपारचं या, दोनला. त्या वक्ताला मी एकटीच असते, काम नीट हुतं.”

ती फोन कानाशी न धरता हातात समोर धरून उभी होती. त्यानं नाही म्हटलं असतं तर ती पुढचा फोन लावू देणार नव्हती, हे मला तिच्या तोंडावरून कळत होतं.

“बाई, तुम्ही करता?” तो म्हणाला. आणि मग, “मग उद्याच येतो. माझा बेस तेवढा ऐकू येईल असा करा, जाणवणारा नको.”

आक्कानं फोन बंद केला. टेस्टर उचलला, पदर पुन्हा खोचला आणि वहीतला दुसरा नंबर दाखवून मला म्हणाली, “ह्याला लाव. आनि या खेपेला इचारलं, कुनी जोडलंय, तर माझं नाव तू घे.”